गड्याच्या बाळाची ओळ

पुस्तिकेत एक ओळ घालायची नाही, असं आजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी ती घातली. एरवी सांगितलेलं काम मी सांगितल्यासारखं करते. ती ओळ गाळायची म्हटल्यावर मात्र हात अडला.

आजी म्हणजे माझी घरमालकीण. अमेरिकेच्या मध्यभागातलं, मक्यात आणि सोयाबीनमध्ये बुडालेलं छोटं गाव. एक चर्च, एक पेट्रोल पंप, धान्याची उंच कोठारं, आणि पाण्याच्या टाकीवर रंगवलेलं गावाचं नाव. तिथून दोन मैलांवर, खडीच्या रस्त्याला, आजींचं शेतघर. वरचा मजला माझा, खालचा त्यांचा. गावात लहानथोर सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. ऐंशी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी सरळ ‘आजी’ म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी तोंडी मी म्हातारी शोभू दे."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी न विचारता सांगते, कारण विचारणारे वेगळंच विचारतात. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आई सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती, सही करायला ती माझ्याकडून शिकली. मी संख्याशास्त्र शिकले, शिष्यवृत्तीवर इथे आले, दुसरी पदवी घेतली. पहिली नोकरी न्यू जर्सीत होती. वेस्ट विंडसरला एका मराठी घरी जेवायला गेले, तर काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "आडनावावरून काही कळेना गं तुझं. म्हणजे, तुम्ही कुणापैकी?"

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला ज्यांच्यापैकी वाटतंय ना, त्यांच्यापैकीच."

वाढणारा हात क्षणभर थांबला. मग पोळी पडली ताटात, नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीत इकडची नोकरी निघाली आणि मी ती घेतली. इथे माझ्या आडनावावरून कुणालाच काही कळत नव्हतं. त्यात मोठी विश्रांती होती.

घर बघायला आले त्या दिवशी आजींनी आधी नळ सोडला, ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. "आधी पाणी पी, मग भाड्याचं बोलू. नवऱ्याच्या आजोबांनी हाताने खणलेली विहीर आहे. गावातून माणसं कॅन घेऊन यायची."

माझ्या वडिलांनी लहानपणी त्यांच्या गावात ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलंय. कुणी आपल्या घरचं पाणी आपल्या हाताने ग्लासात भरून दिलं, तर त्यावर शंका काढायची नसते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, अंगातच आहे. दुधाच्या डब्यावरची तारीख तीनदा वाचणारी मी. त्या पाण्याबद्दल मात्र एक प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं प्यायले. गोड होतं.

त्या भागात उन्हाळ्यात कुटुंबाचा मेळावा भरवतात. दूरदूरचे चुलत, मावस, आते सगळे एका बागेत जमतात. प्रत्येकजण घरून एकेक पदार्थ आणतो, भांड्याखाली आपलं नाव चिकटवतो. दर काही वर्षांनी घराण्याची छापील पुस्तिका निघते. यंदा ती काढायची पाळी आजींची होती. एप्रिलमध्ये त्यांनी बुटांची चार खोकी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"तू कॉम्प्युटरवाली. हे घे. माणसं आहेत आत, सांभाळून."

पत्रं, बाप्तिस्म्याचे दाखले, अंत्यविधीची कार्डं, स्थानिक वर्तमानपत्राची कात्रणं. रविवारी कोण कुणाकडे जेवायला गेलं तेसुद्धा त्या वर्तमानपत्रात छापून यायचं. सात पिढ्यांची नावं. त्यांच्या एका घोड्याचंही नाव होतं. आमच्याकडे आजोबांच्या पलीकडे नावच नाही. वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, "त्यांना नावानं कोण हाक मारत होतं, की आपण लक्षात ठेवावं." तेव्हा मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

माझी कामाची एक पद्धत आहे. लोक वंशवृक्ष काढायला बसतात. मी आधी तक्ता करते. माणूस एक, ओळ एक. जन्म कधी, कुठे, वाढलं कुठे, गेलं कधी, कशाने. झाड शेवटी. झाडात माणसं फक्त आईबापाखाली लटकतात. तक्ता कसाही फिरवून बघता येतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आजी बोलायच्या आणि मी टाइप करायचे. त्या शेजारच्या गावातल्या न्हाव्याची मुलगी. शाळा संपल्यावर वर्षभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. "अख्ख्या गावाची भांडणं मला तोंडपाठ होती. आणि ट्रेलर लावलेला ट्रक उलटा घेणारी तालुक्यात मी एकटी मुलगी. नवऱ्याने मागणी घातली ती चेहरा बघून नाही, लिहून ठेव."

"हे पुस्तिकेत घालू?"

"घाल. त्याच्या बहिणींना कळू दे."

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या ह्या घरात आल्या. सासू, दीर, जाऊ, एक गडी आणि त्याची बायको, मागच्या चढावर डुकरांचा गोठा. हसत हसत सांगायच्या. फक्त मुलांचा विषय आला की उठून ओटा पुसायच्या. पुसलेलाच ओटा परत.

मे महिन्याच्या शेवटी इकडे कबरींवर फुलं ठेवतात. मी गाडी चालवली. आजींनी मांडीवर जिरेनियमची कुंडी धरली होती आणि पर्समध्ये स्वयंपाकघरातली कात्री. चर्चमागच्या दफनभूमीत त्या गुडघ्यांवर बसल्या आणि तीन छोट्या दगडांभोवतीचं गवत कात्रीने कापायला लागल्या. एक दिराचा मुलगा. एक त्यांचा मुलगा. एक त्यांची मुलगी. तिघंही दोन महिन्यांच्या आतली.

"हृदय," आजी म्हणाल्या. "ह्यांच्या रक्तातच आहे ते. पहिल्याला पुरून घरी आलो तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. लग्नाआधी कुणी सांगत नाही असलं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तेच. निळी पडायची गं. आधी ओठ, मग नखं. धड रडायचीसुद्धा नाहीत. आपण बसून बघायचं."

त्यांचं तिसरं मूल, एक मुलगी, तेवढी जगली. नवरा सैन्यात होता म्हणून आजी बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि वर्षभर तिथेच राहिल्या. ती मुलगी आता साठीला टेकली आहे, ॲरिझोनात असते.

कोपऱ्यात, कुंपणाला लागून, गवतात एक वीट दिसली. नुसती वीट, वर काही नाही.

"हे कोण?"

"ते गड्याचं बाळ. त्याची बायको बाळंतपणात फार आजारी पडली, म्हणून सासूबाईंनी बाळ घरात घेतलं. महिना काढला असेल. तेही गेलं." त्यांनी कात्री पुसून पर्समध्ये टाकली. "ते पुस्तिकेत घालू नकोस हं. ते घरातलं नव्हे."

मला राग आला. घरातलं नव्हे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. त्यांच्या घोड्याला नाव होतं. त्याच दिवशी मी तक्त्यात ओळ घातली: नाव माहीत नाही, बाप या घरचा गडी, आयुष्य एक महिना. घातली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ओळ मी लिहिली, पण वाचली नाही. रागात माणूस लिहितो, वाचत नाही.

जूनमध्ये ॲरिझोनातल्या मुलीची मुलगी, म्हणजे आजींची नात, तीन आठवड्यांचं बाळ घेऊन आली. पंचविशीची पोरगी. बाळाच्या बापाशी पटलं नव्हतं, त्यावर जास्त बोलायची नाही. मागच्या सीटवर बाळ, बाकी सगळी गाडी कपड्यांनी ठासून भरलेली. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून द्यायची.

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आईला बाळ दिसलं की ती पेन्शनर राहत नाही, ड्युटीवर येते.

"काय पाजते व त्याले?"

"पावडरचं दूध, आई."

"पानी उकयते का? इचार तिले."

विचारलं. नात हसली. "नळाचं घेते. इकडे कुणी उकळत नाही."

ते आईला सांगितलं. "नयाचं? लेकराले नयाचं पानी? वीस मिनटं खयखय उकयू दे म्हना. म्या हजार लेकरं पाह्यली, तिले सांग!"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. माझी आई तीस वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात होती, ती म्हणते पाणी चांगलं उकळायला हवं. आजींनी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे बाईचं. माझ्या सासूबाईपण उकळायच्या. किटली दिवसभर शेगडीवर असायची." आणि फडताळातून जुनी, जड किटली काढली.

दुसऱ्या दिवसापासून किटली सकाळी चढायची. नात बाळात गुंतलेली, आजींना ऐकू कमी यायचं. किटली उकळत राहायची. दुपारपर्यंत पाणी निम्म्यावर यायचं. त्यातूनच बाटल्या भरायच्या.

आठवडाभराने बाळ मला काळवंडलेलं दिसलं. वाटलं, खिडकीतला प्रकाश बरा नाही. मग वाटलं, बाळाचं दुपटं राखाडी आहे म्हणून तसं दिसतंय. आजी मात्र रोज संध्याकाळी बाळाला पश्चिमेच्या खिडकीशी न्यायच्या आणि त्याच्या ओठांकडे बघत उभ्या राहायच्या. एके दिवशी त्यांनी पातळ कागदात गुंडाळलेला पांढरा झगा काढला आणि इस्त्री करायला घेतला.

"बाप्तिस्म्याला? किती गोड, ग्रॅमा!" नात म्हणाली.

आजी इस्त्री फिरवत राहिल्या. मी खोक्यांतली पत्रं वाचली होती. सासूबाईंनी आजींच्या तीन मुलांसाठी एकसारखे तीन झगे शिवले होते. दोन जमिनीत होते.

नात घाबरली नव्हती असं नाही. गावातल्या क्लिनिकमध्ये दाखवून आली. हृदय छान आहे, वजन थोडं कमी आहे, आठवड्याने परत आणा. आजींनी ऐकून घेतलं आणि मला हळूच म्हणाल्या, "सुरुवातीला छानच असतं."

मधेच नात तीन दिवस शहरात मैत्रिणीकडे राहून आली. परत आली तेव्हा बाळ गुलाबी होतं. गाल, ओठ, तळवे, सगळं. हातपाय झाडत होतं, भोकाड पसरत होतं. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चर्चमध्ये त्यांनी बाळासाठी प्रार्थना सांगितली होती, ती पावली म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. शनिवारपर्यंत ते पुन्हा राखाडी झालं, आणि रडायचं थांबलं. रडत नाही म्हणून घरात शांतता होती. इतकी वाईट शांतता मी कधी ऐकली नाही.

रविवारी आजी आणि नात बाळाला घेऊन चर्चला गेल्या. मी घरी थांबले. पुस्तिका सोमवारी छापायला द्यायची होती. शेवटची तपासणी म्हणून मी तक्ता एकेका रकान्याने लावून बघत होते. आडनावाने लावला, ठीक. जन्मसालाने लावला, ठीक. ‘वाढलं कुठे’ या रकान्याने लावला.

चार ओळी एकाखाली एक येऊन बसल्या. दिराचा मुलगा, आजींचा मुलगा, आजींची मुलगी, गड्याचं बाळ. चौघांपुढे एकच घर. ज्या घरात मी बसले होते ते.

पहिल्या तिघांचं मला माहीत होतं: हृदय, रक्त, घराणं. पण चौथ्याचं? गड्याच्या बाळात या घराचं रक्त कुठून येणार? ते तर घरातलं नव्हतं. त्या तिघांत आणि त्याच्यात सारखं काय? छप्पर सारखं. शेगडी सारखी. आईचं दूध नसलेलं बाळ, म्हणजे बाटली. आजींच्या जाऊबाईंना दूध येत नव्हतं हे एका पत्रात होतं. आजींनाही येत नव्हतं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. सासूबाईंची स्वतःची मुलं याच घरात वाढली आणि धडधाकट झाली, पण ती अंगावर प्यायलेली, आणि तेही त्यांनी बहिणीला ऐटीत कळवलेलं. जगलेली मुलगी न्हाव्याच्या घरी, गावच्या नळावर वाढली. आणि हे बाळ तीन दिवस शहरात गेलं की गुलाबी होतं.

मी शेगडीकडे बघितलं. किटली होती. खालचा जाळ चालूच राहिला होता.

आरोग्यविम्याच्या कार्डामागे सल्ला देणाऱ्या नर्सचा फोन नंबर असतो. मी फोन लावला, बाळाचं वय सांगितलं, रंग सांगितला. तिने विचारलं, "पाणी गावचं की विहिरीचं?"

"विहिरीचं. पण आम्ही चांगलं उकळतो. वीस मिनिटं. जास्तच."

"पुढची बाटली देऊ नका," ती म्हणाली. "बाळाला लगेच इमर्जन्सीत न्या. आत्ता. रंग आणखी उतरला, तर थांबून ॲम्ब्युलन्स बोलवा."

नातीचा फोन लागत नव्हता. चर्चमध्ये ती तो बंद ठेवायची. दोन मैल मी कसे गेले आठवत नाही. प्रार्थना संपली होती, सगळे तळघरात कॉफीला जमले होते. बायका केक कापत होत्या. नात खुर्चीत बसून बाटली हलवत होती, पावडर विरघळावी म्हणून. मी जाऊन बाटली तिच्या हातातून हिसकावली. आयुष्यात कुणाच्या हातातून मी काही हिसकावलं नव्हतं. केक कापणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"वेड लागलंय का तुला?" आजी ओरडल्या.

"पाणी आहे, आजी. हृदय नाही, पाणी. चला. उठ गं, बाळाला घे!"

नात उठेना. माझ्याकडे बघत बसली. मग तिने बाळाकडे बघितलं. तळघरातल्या ट्यूबलाइटखाली त्याचे ओठ शिशासारखे दिसत होते. ती उठली.

हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा मका, मधून सरळ रस्ता. नात मागे बाळाजवळ बसून त्याच्या तळपायावर टिचक्या मारत होती, ते दचकावं म्हणून.

डॉक्टर तरुण बाई होती. सुई टोचून तिने रक्त काढलं तर ते लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. तिने ते उजेडात धरलं आणि जिथल्या तिथे ओळखलं. पाण्यात नायट्रेट असतं, शेणामुतातून, खतातून जमिनीत मुरलेलं. मोठ्या माणसाला सहसा तसं काही होत नाही. एवढ्याशा बाळाच्या रक्ताला मात्र ते प्राणवायू वाहू देत नाही. तिने शिरेतून औषध दिलं. तासाभरात बाळाच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या, मग ओठ, आणि मग ते रडलं. नात तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"पाणी उकळायला कुणी सांगितलं होतं?" आम्ही सगळं सांगितल्यावर डॉक्टरने विचारलं. आवाजात दोष नव्हता, कागदावर लिहायचं होतं तिला. "उकळल्याने हे जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट मागे राहतं. आणखी दाट होतं."

"मी सांगितलं," मी म्हटलं.

नातीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही, आणि विसरूही नये.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग म्या इतकी वर्सं सांगतलं ते?"

"तिथे बरोबर होतं, आई. तिथे जंतू होते, ते मरतात. इथे पाण्यात खत उतरलंय."

"मले कोनी सांगतलं नाही व," आई म्हणाली. तिला कुणी सांगितलं नाही, हे खरं. ती सहीपुरती शिकलेली. मी दोन पदव्या घेतलेली, आणि आडनाव न विचारणाऱ्या घरातलं पाणी म्हणून डोळे मिटून प्यायलेली.

काउंटीच्या आरोग्य कार्यालयाने विहिरीच्या पाण्याची बाटली तपासून आठवड्याने कागद पाठवला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. नात बाळाला घेऊन ॲरिझोनाला आईकडे गेली होती. घरात आजी आणि मी. आजींनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"तुझा तो तक्ता दाखव."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्या चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचत गेल्या आणि चौथीवर थांबल्या.

"ही घालू नको म्हटलं होतं मी."

"हो."

"घातली नसतीस तर?"

"तर मलाही हृदयच वाटलं असतं."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "सासूबाईंचे हात थरथरायचे. बाटल्या मी भरायचे. ह्याच्याही. चौघांच्याही."

"आजी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"ते मला माहीत आहे गं. दुसरं काही आहे का तुझ्याकडे सांगायला?"

"नाही."

"बरं." त्या खिडकीबाहेर चढाकडे बघत राहिल्या. गोठा कधीच पाडलेला, आता तिथे मका होता. मी उठून लॅपटॉप मिटायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला. "कॉम्प्युटरवर नकाशा असतो ना? ह्या रस्त्यावर घरं किती आहेत बघ. गावचं पाणी पुलाच्या अलीकडे येतच नाही."

पाच होती. सगळी त्याच चढाच्या पायथ्याशी. आजींनी चर्चचे बूट घातले, कागद पर्समध्ये टाकला आणि गाडीत जाऊन बसल्या. मी किल्ली शोधेपर्यंत त्यांनी एकदा हॉर्नही वाजवला.

पहिल्या घरी एक सडाफटिंग म्हातारा होता, आजींच्या शाळेतला. व्हरांड्यातूनच म्हणाला, "पंच्याहत्तर वर्षं पितोय मी माझ्या विहिरीचं. मेलोय का?"

"तू मरायला फार थोराड आहेस," आजी म्हणाल्या. "घरात लहान मूल येतं का?"

"माझ्या घरात? मांजर येत नाही."

"मग पी." आणि परत गाडीत.

दुसरं घर बंद होतं. आजींनी दारात चिठ्ठी खोचली. पत्त्याशिवाय एकच वाक्य लिहिलं होतं: लहान मुलाला हे पाणी देऊ नका, उकळूनही नाही.

तिसऱ्या घरात वसंतात नवीन भाडेकरू आले होते, एवढंच माहीत होतं. कुठलं तरी तरुण जोडपं, दुसऱ्या राज्यातून आलेलं. चर्चला येत नव्हतं, म्हणून गावाला त्यांची काही खबर नव्हती. मी वळून आवारात शिरले तेव्हा पुढे कुणी दिसलं नाही. घराच्या बाजूला दोन खांबांमध्ये दोरी बांधली होती. वाऱ्यावर काहीतरी हलत होतं. मला आधी वाटलं रुमाल असतील. अंगडी होती. हाताच्या पंज्याएवढी अंगडी आणि पाय जोडलेले इवलेसे पायजमे, एका रांगेत, अजून पाणी गळत होतं त्यांतून.

मी ब्रेक दाबायच्या आत आजींनी दार उघडलं होतं.